टिळकवाडीत घर भाड्याने देणे आहे

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत केलेले भाषण)



पत्रिकेत आमच्या भाषणाचा विषय छापून आला तेव्हा तिघाचौघांनी फोन करून विचारले, "गणपतीत भाड्याच्या घरावर कसलं व्याख्यान? घर द्यायचंय की काय तुम्हाला?" होय, द्यायचे आहे. पण फक्त आमचे नाही, तुमचेही. म्हणूनच हा विषय मंडळाकडे आम्ही मागून घेतला.

आम्हाला बोलण्याचा अधिकार एवढाच, की आम्ही दोघे या बाबतीत दोन्ही बाजूंना राहून आलो आहोत. लग्नानंतरची चौदा वर्षे आम्ही टिळकवाडीत तीन निरनिराळ्या घरांत भाडेकरू म्हणून काढली. पुढे स्वतःचे घर झाले, आणि तेव्हापासून बावीस वर्षे आमची माडी भाड्याने आहे. घरमालकाचे बोलणे ऐकून घेतलेले आहे आणि घरमालक म्हणून बोलूनही झालेले आहे.

टिळकवाडीचे वर्णन टिळकवाडीकरांपुढे काय करायचे? पण इथे शहापूरचे, अनगोळचे, कॅम्पातले लोकही आहेत, आणि बरीच मुले आता बाहेरगावाहून फक्त चतुर्थीला येतात. त्यांच्यासाठी दोन शब्द. जुनी माणसे अजून ठळकवाडी म्हणतात, आणि त्या नावाची शाळाही आपल्याकडे आहे. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले ते याच भागात. त्यासाठी खोदलेली विहीर अजून आहे, आणि काँग्रेस रोडचे नावही त्यामुळेच पडले. नंतर इथे एकेक बंगली उठत गेली. चिऱ्याच्या किंवा विटांच्या भिंती, वर मंगळुरी कौले, पुढे व्हरांडा, मागे परसात विहीर, आणि कंपाउंडात आंबा, फणस, चिकू, दोन नारळ. व्हॅक्सिन डेपोची झाडी पहाटे फिरायला. सोमवार पेठेपासून शुक्रवार पेठेपर्यंत सगळे वार इथे राहायला आहेत, आणि पत्ता सांगताना मात्र आपण पेठ सांगत नाही, गेट सांगतो. पहिले गेट, दुसरे गेट, तिसरे गेट.

या गेटांचा आणि भाड्याचा संबंध आहे. 'शांत वस्ती' अशी जाहिरात वाचून येणाऱ्या माणसाला पहिल्या रात्री लोंढा-मिरज मार्गावरची मालगाडी शिट्टी देऊन जागा करते. आठ दिवसांनी त्याला ती ऐकू येईनाशी होते. पण गेट पडलेले असताना मुलाला शाळेत सोडायचे आहे ही कळ मात्र आठ दिवसांत जात नाही. त्यामुळे रुळांच्या कोणत्या बाजूला शाळा आणि कोणत्या बाजूला कचेरी हे बघून घर घ्यावे, असे आम्ही नव्या माणसाला सांगतो. घर बघायला मे महिन्यात येऊ नये हेही सांगतो. मे महिन्यात टिळकवाडीतले प्रत्येक घर चांगले दिसते. झाडांची सावली, थंड फरशी, संध्याकाळचा पश्चिमेचा वारा. घर बघायचे असेल तर जुलैत, सलग आठ दिवस पाऊस लागल्यावर. तेव्हा उत्तरेकडची भिंत हाताने चाचपावी, कपाटाचे दार उघडून वास घ्यावा, आणि माडीच्या कोपऱ्यात पातेली कुठे कुठे मांडून ठेवलीत ते मोजावे. विहिरीला पाणी किती महिने असते ते मालकाला न विचारता शेजाऱ्याला विचारावे. राकसकोपचे पाणी नळाला कधी येते आणि कधी येत नाही, हे तर आपल्या सगळ्यांना पाठच आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ही वस्ती घरमालकांनी बांधली हे खरे, पण ती चालवली भाडेकरूंनी. साठ-सत्तर वर्षांपूर्वी शिक्षकाने, कारकुनाने किंवा वकिलाने घर बांधायला काढले की नकाशातच भाडेकरू असायचा. खाली आपण, वर बँकेतले साहेब, मागच्या दोन खोल्यांत कॉलेजची पोरे. वरच्या भाड्यात कर्जाचा हप्ता जायचा आणि मागच्या भाड्यात मुलांच्या फिया. राणी पार्वतीदेवी कॉलेज आणि लॉ कॉलेज इथे असल्यामुळे चंदगड, खानापूर, सावंतवाडी, गोवा इथली मुले खोल्या शोधत यायची. प्राध्यापक बाहेरून यायचे. पु. ल. देशपांडे काही काळ राणी पार्वतीदेवी कॉलेजात मराठी शिकवत होते, आणि आपल्या बेळगावच्या रावसाहेबांची ओळख पुढे त्यांनीच साऱ्या महाराष्ट्राला करून दिली. बाहेरून आलेला माणूस गावाला काय देऊन जातो याचे याहून ठसठशीत उदाहरण आम्हाला सुचत नाही. बँकांचे बदलीचे अधिकारी, रेल्वेचे, लष्करातल्या माणसांची कुटुंबे, मेडिकल कॉलेजचे शिकाऊ डॉक्टर, ही सगळी माणसे तीन-चार वर्षांसाठी यायची. जाताना कोणी तुळशीवृंदावन मागे ठेवून गेले, कोणी रायआवळ्याचे झाड. आमच्या पहिल्या भाड्याच्या घरातला पारिजातक आमच्या आधीच्या भाडेकरूने लावलेला होता. तो माणूस आम्ही कधी पाहिला नाही, पण चौदाही वर्षे, घर बदलल्यावरसुद्धा, फुले त्याच झाडाची आणत होतो.

झाडांवरून आठवले. भाड्याच्या घरात भांडणे कशावरून होतात असे तुम्हाला वाटते? भाड्यावरून क्वचितच होतात. पाण्याच्या मोटारीवरून होतात, गाडी लावण्यावरून होतात, आणि एप्रिल-मेमध्ये आंब्यावरून होतात. करारपत्रात पंखे किती, ट्यूबलाइटी किती, नळाच्या तोट्या किती हे सगळे लिहिलेले असते. झाडाचा आंबा कुणाचा हे एकाही करारात आम्ही वाचलेले नाही. आमच्या एका मालकांची पद्धत चांगली होती. उतरवलेले आंबे ते ओट्यावर ओतून तीन वाटे करायचे. एक मालकाचा, एक भाडेकरूचा, एक गल्लीचा. फणस मात्र ते कुणाला द्यायचे नाहीत. त्याबद्दल आम्ही अजून बोलतो.

ही पद्धत का मोडली? कारण वरची माडी रिकामी राहिली, मग खालचे घरही रिकामे राहिले. आमच्या गल्लीत अकरा घरे आहेत, त्यांपैकी चारांना कुलूप आहे. मुले बेंगळुरूला, पुण्याला, अमेरिकेत. आई-वडील आधी सहा महिने मुलाकडे, मग आठ महिने, आणि मग फोनवरच विचारतात, "आंब्याला मोहोर आला काय?" घर विकायचे नाही, कारण आठवणी आहेत. भाड्याने द्यायचे नाही, कारण भीती आहे. तेव्हा कुलूप.

कौलारू घराला आपल्या पावसात कुलूप लावणे म्हणजे काय, हे आम्ही जवळून पाहिले आहे. सुरुवात एका कौलापासून होते. माकड उडी मारते किंवा नारळाची झावळी पडते, आणि एक कौल इंचभर सरकते. घरात माणूस असेल तर त्याच रात्री थेंब अंगावर पडतो आणि दुसऱ्या दिवशी गडी वर चढतो. घरात माणूस नसेल तर तो थेंब चार महिने रिपेवर पडत राहतो. रीप कुजते, तिच्यावरची पाच-सहा कौले खचतात, पाणी वाशावर येते. पन्हळीत पाने साचून पाणी उलटे भिंतीत मुरते. खाली भिंत फुगते आणि तिथून वाळवी वर चढते. दारे-खिडक्या बंद, वारा नाही, त्यामुळे गाद्यांना आणि पुस्तकांना बुरा. पूर्वी चुलीचा धूर कौलांतून जायचा, त्यामुळे लाकडाला कीड कमी लागायची. तो धूर गेलाच, आता माणसाचा वावरही गेला. दोन पावसाळ्यांत घर राहण्याजोगे उरत नाही. तिसऱ्या वर्षी बिल्डर येतो आणि म्हणतो, "काका, घराची किंमत काही नाही, जागेची देतो." तो खोटे बोलत नाही. मग जागा मोकळी करताना सगळ्यात आधी झाड जाते, कारण पार्किंग तिथेच काढायचे असते.

भाडेकरू घर बळकावेल ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. तिला इतिहास आहे. आपले गाव मुंबई राज्यात होते तेव्हा १९४७ चा मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा होता, पुढे १९६१ चा कर्नाटकचा आला. त्या काळी ठरलेले भाडे तिथेच गोठले, आणि तीस-चाळीस रुपयांत माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. मालकाला घर दुरुस्त करायला परवडेना आणि भाडेकरू हलेना. शहरातल्या पेठांत असे खटले आपण सगळ्यांनी पाहिले. पण तो १९६१ चा कायदा आता नाही. त्याच्या जागी आलेला १९९९ चा कायदा २००१ च्या अखेरीस लागू झाला, आणि महिना साडेतीन हजार रुपयांच्या वरची भाडी त्याच्या कक्षेत येतच नाहीत. आज टिळकवाडीत त्याच्या आत काय मिळते ते तुम्हीच सांगा. त्यामुळे आपला व्यवहार मुख्यतः करारावर आणि १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यावर चालतो. करारात वेगळे काही नसेल तर महिन्याच्या भाडेकरूला पंधरा दिवसांची नोटीस पुरते. 'बारा वर्षे राहिला की मालक होतो' हे वाक्य प्रत्येक लग्नात जेवणाच्या पंगतीला कोणीतरी म्हणतोच. भाडेकरू म्हणून राहिलेला माणूस नुसती वर्षे लोटली म्हणून मालक होत नाही. अकरा महिन्यांचा करार सगळे करतात, त्याचे कारणही १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदवावा लागतो, म्हणून एक महिना कमी.

भाडेकरू उठलाच नाही तर कोर्टात वर्षे जातात, हे मात्र खरे आहे. ते आम्ही लपवत नाही. पण कराराचा कागद नीट असणे, भाडे बँकेतून घेणे आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणे एवढे केले तर तसा प्रसंग क्वचित येतो. आमच्या बावीस वर्षांत सात कुटुंबे येऊन गेली. एकाने शेवटच्या दोन महिन्यांचे भाडे अनामतीत वळते करून घ्यायला लावले आणि स्वयंपाकघराची फरशी फोडून ठेवली. बाकीच्या सहांकडे आमच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका गेली.

आणखी एका गोष्टीपासून सावध करायचे आहे. आपल्याकडे 'लीजवर' घर देतात. म्हणजे पाच-सात लाख एकरकमी घ्यायचे, दोन-तीन वर्षे भाडे नाही, आणि मुदत संपली की सगळी रक्कम परत. ऐकायला दोघांनाही बरे वाटते. पण मालक ती रक्कम बँकेत ठेवत नाही, मुलीच्या लग्नात घालतो. मुदत संपते तेव्हा पैसे नसतात, मग दुसरा लीजवाला शोधून त्याच्या पैशातून पहिल्याला द्यायचे. दुसरा वेळेवर मिळाला नाही की पहिला घर सोडत नाही, आणि त्यात त्याचे काही चूक नाही. ज्यांना आपण 'घर बळकावले' म्हणून नावे ठेवतो, त्यांतले काही जण स्वतःचे पैसे परत मिळायची वाट बघत बसलेले असतात. साधे महिन्याचे भाडे घ्यावे, आणि अनामतही बेताची. केंद्राने २०२१ साली राज्यांपुढे जो आदर्श भाडेकरू कायदा ठेवला त्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापर्यंतच धरली आहे. बेंगळुरूच्या दहा महिन्यांच्या अनामतीचे आकडे इथे कशाला आणायचे?

आता थोडे अवघड बोलणे.

घर द्यायचे म्हटले की आपण पहिला प्रश्न विचारतो तो भाड्याचा नसतो. "आडनाव काय?" मग "खाण्यापिण्याचं कसं?" मग "घरात काय बोलता?" आमच्या मागच्या गल्लीत एक काकू आहेत. वय सत्याहत्तर. एक मुलगा बेंगळुरूला, एक अमेरिकेत. काका गेल्यावर त्या पहिल्यांदाच अख्खा पावसाळा बेंगळुरूला राहिल्या आणि दसऱ्यानंतर परत आल्या, तर देवघराच्या वरची कौले खचलेली आणि काकांची पुस्तके पाण्यात. त्याच सुमारास विजयपूरकडचे एक बँक अधिकारी बायको-मुलांसह घर शोधत होते. मुसलमान. नाव ऐकल्यावर चार घरे 'कालच दिली' गेली होती. त्यांतली दोन आजही रिकामी आहेत. आम्हीच त्यांना काकूंकडे नेले. जाताना आमच्याही मनात धाकधूक होती, की काकू आम्हाला काय म्हणतील.

काकूंनी त्यांना दोनच प्रश्न विचारले. "झाडांना पाणी घालणार काय? आणि पावसाआधी कौलं परतायला माणूस आणणार काय?" दोन्हीला होय म्हणाल्यावर त्या म्हणाल्या, "मग मागच्या दोन खोल्या माझ्या, मी आले की उतरायला. बाकी घर तुमचं."

गल्लीत बोलणे झाले. काकूंचे दीर महिनाभर बोलले नाहीत. सगळे गोडीगुलाबीने चालले असेही नाही. त्या कुटुंबाने न विचारता गेटला हिरवा रंग दिला तो काकूंना आवडला नाही, आणि काकूंच्या मागच्या खोल्यांची किल्ली तीन शेजाऱ्यांकडे असते हे त्यांना आवडत नाही. मटण शिजते त्या दिवशी मागची खिडकी लावून घ्यायची, असे दोघींनी आपसात ठरवले आहे. पण घराला तीन पावसाळे झाले आहेत आणि एक थेंब आत आलेला नाही. गेल्या वर्षी काकूंचा गणपती आणायला त्या घरातला मुलगाच हातगाडीबरोबर गेला होता, कारण काकूंच्या घरात दुसरा माणूसच नव्हता.

मुंबईत मराठी माणसाला मांसाहारी म्हणून घर नाकारल्याची बातमी आली की आपण किती तावातावाने बोलतो! आपली मुले बेंगळुरूला घर शोधतात तेव्हा तिथला मालक त्यांनाही विचारतो, "कुठले? घरात काय बोलता?" तेव्हा पोराचा फोन येतो आणि आपला जीव कळवळतो. तोच प्रश्न आपण आपल्या ओट्यावर बसून बागलकोटच्या नर्सला आणि इंफाळच्या विद्यार्थ्याला विचारतो. आपण सीमाभागातली माणसे. आपल्या भाषेची काळजी आपल्याला आहे आणि ती असावीच. पण कुलूप लावलेल्या घरात मराठी कोण बोलणार? आमच्या माडीवर दोन वर्षे धारवाडचे जोडपे होते. त्यांची मुलगी आमच्या घरी जेवायला बसून मराठी शिकली, आणि आम्ही दोघे तिच्या आईकडून नीट कन्नड बोलायला शिकलो. हेस्कॉमच्या कचेरीत आता आमचे काम लवकर होते.

परदेशातल्या मुलांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी, कारण त्या माहीत नसल्यामुळेही घरे बंद राहतात. मालक अनिवासी असेल तर भाडे देताना कर कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते, आणि या झंझटीला भिऊन चांगले भाडेकरू पळतात. त्यामुळे सल्लागाराकडून ते आधीच लावून द्यावे. दुसरे, भाड्याच्या उत्पन्नातून घरपट्टी वजा जाता उरलेल्या रकमेवर तीस टक्के वजावट मिळते. तो पैसा दुरुस्तीसाठीच आहे असे समजून बाजूला ठेवला तर दर वर्षीची कौलांची परतणी त्यात सहज निघते.

काकूंच्या घराचे पुढे काय, हे आम्हाला सांगता येत नाही. अमेरिकेतल्या मुलाला ते विकायचे आहे, बेंगळुरूच्या मुलाला नाही. दिवाळीला दोघे येणार आहेत. बिल्डरचा माणूस दोनदा येऊन कंपाउंडची लांबी-रुंदी पावलांनी मोजून गेला आहे. काकूंनी मुलांना एवढेच कळवले आहे, की भाडेकरूच्या मुलाची दहावीची परीक्षा मार्चमध्ये आहे, तोपर्यंत कोणी काही बोलू नये.

मंडळाच्या कार्यकारिणीने आमची एक सूचना मान्य केली आहे. उद्यापासून कार्यालयात एक नोंदवही ठेवली जाईल. ज्यांचे घर किंवा माडी रिकामी आहे त्यांनी पत्ता, गेट आणि विहीर आहे की नाही एवढे लिहावे. भाडे मागाहून ठरेल. ज्यांना घर हवे आहे त्यांनी मागच्या पानापासून लिहावे. त्यात आडनावाचा रकाना ठेवलेला नाही, नाव आणि फोन नंबर पुरे. मालक गावात नसेल तर महिन्यातून एकदा घरावरून चक्कर मारून कौले आणि पन्हळी बघून यायला आम्ही दोघे तयार आहोत, आणखी चार-पाच जणांनी नावे दिली तर दुसऱ्या आणि तिसऱ्या गेटापलीकडची घरेही होतील. कराराचा साधा मराठी नमुना वहीतच चिकटवून ठेवला आहे. त्यात आंब्याचे कलम आम्ही घातले आहे. फणसाचे तुम्ही आपसात बघा.

वही संध्याकाळी आरतीनंतर नऊपर्यंत मिळेल. घराची किल्ली आणू नका, ती शेजाऱ्यांकडेच राहू द्या.